रबर अजून आलं नाही

"सरळ बस की रे जरा. कायला वाकडं तोंड करून राहिलास? सकाळधरून तुझ्याच मागं हाय मी."

राजशेखर हे एका स्क्रूला म्हणत होता. स्क्रू इतका बारीक, की चहाचा कप त्याच्या कोपराशी ठेवायला वाकलेल्या नीलाबाईला तो दिसलाच नाही. दिसलं ते नवऱ्याचं विरळ झालेलं डोकं, डोळ्याला लावलेलं भिंग आणि चिमटा धरलेली बोटं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण इतक्या लाडानं हा माणूस आपल्याशी एकदाही भांडला नाही, असं तिच्या मनात आलं.

"दामिनीच्या घड्याळाचं काय झालं?" तिनं विचारलं.

चिमटा थांबला. "रबर आलं नाही अजून."

"आणि हे? हे धर्माबादच्या मास्तरचं ना? त्याचं बरं आलं रबर."

"त्याचं माप वेगळं."

दामिनीचं घड्याळ म्हणजे खरं तर जावयाचं घड्याळ. पण घरात त्याला जावयाचं कुणी म्हणत नव्हतं. पंचमीला पोरगी माहेरी आली ती एक छोटी बॅग आणि रुमालात गुंडाळलेलं ते घड्याळ घेऊन. काचेला तडा गेलेला, आत धुकं धरलेलं, काटे थांबलेले. 'पप्पांकडून नीट करून घे. घड्याळ झालं की मी स्वतः येतो आणि दोघांना घेऊन जातो,' असं अमरेशनं सांगून पाठवलं होतं. दोघांना म्हणजे घड्याळाला आणि बायकोला. पंचमी झाली, महालक्ष्म्या उठल्या, दसरा झाला. गल्लीत दिवाळीच्या फराळाच्या गोष्टी सुरू झाल्या, तरी पाणी अडवणारं ते रबर काही येईना. नांदेडहून, पोरीच्या सासरहून फोन आला की राजशेखर म्हणायचा, रबर आलं नाही. शेजारणीनं विचारलं की नीलाबाई म्हणायची, घड्याळाचं जरासं राहिलंय. घड्याळाच्या दुरुस्तीपायी पोरगी माहेरी राहिली, असं लातुरात याआधी कुणी ऐकलं नसेल. पण बायका ऐकून घ्यायच्या आणि समजूतदारपणे मान हलवायच्या. ती मान हलवणंच नीलाबाईला जास्त लागायचं.

राजशेखरचं गोलाईच्या बाजारात भांड्यांचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या ताटांवर, तांब्यांवर मशीननं नावं घालायची, कुणाकडून कुणाला आणि कशानिमित्त. आणि घरी आलं की गच्चीवरच्या खोलीत जाऊन हा शौक. समुद्रात बुड्या मारणारे लोक घालतात तसली जाडजूड पोलादी घड्याळं. साधं जपानी मशीन घ्यायचं, डायल एकीकडून मागवायची, काटे दुसरीकडून, काचेभोवती फिरणारी दातेरी कडी तिसरीकडून, आणि श्रीमंतांच्या स्विस घड्याळांच्या तोंडात मारेल असं घड्याळ जुळवायचं. जुनी, पाणी गेलेली घड्याळंही तो उघडून बसवून द्यायचा. पैसे घ्यायचा नाही. मोबाइलवर त्याच्यासारख्याच वेड्यांची एक टोळी होती. ते एकमेकांना काट्यांचे आणि कड्यांचे फोटो पाठवायचे आणि सोयरीक जमल्यासारखे खूश व्हायचे.

पहिलं घड्याळ झालं तेव्हा तो ते घेऊन थेट स्वयंपाकघरात आला होता. "दोनशे मीटर खोल पाण्यात चालतं हे."

"दोनशे मीटर खाली तर आपल्या बोअरला पण पाणी न्हाई," ती पोळी उलटत म्हणाली होती.

नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात बसून आपण काय बनवून राहिलो, हे त्याला तेव्हा कळलं असावं. पोट धरून हसला होता. टोळीलाही त्यानं ते लिहून पाठवलं, बायकोचं नाव घालून. तेव्हा या घरात हसायला फारसं काही लागत नव्हतं.

दामिनीचं लग्न ठरताना शंकरप्पा व्याही म्हणाले, हुंडा-बिंडा आम्हाला चालत नाही, पोराला एक चांगलं घड्याळ तेवढं द्या. चांगलं म्हणजे कोणतं, ते अमरेशनं मोबाइलवर फोटो दाखवून सांगितलं. राजशेखरनं त्या फोटोसारखं घड्याळ स्वतः जुळवलं आणि साखरपुड्यात सगळ्यांदेखत सांगितलं, विकतचं नाही, मी बनवलंय. वाहवा झाली. "विकतचं काय, कुणीबी देईल!" असं शंकरप्पाच म्हणाले. फक्त डायलवर नाव नव्हतं. फोटोतल्या कंपनीच्या नावाची डायल मागवता आली असती, टोळीतले कितीतरी जण मागवायचे. नीलाबाईनंही सांगून पाहिलं होतं.

"लावून टाका की नाव. दिवसभर नावंच तर घालता."

"लोकांची नावं लोकांच्या भांड्यावर घालतो," तो म्हणाला होता. "दुसऱ्याचं नाव माझ्या घड्याळावर न्हाई घालायचो. खोटं काम माझ्याच्यानं होत न्हाई."

मग नांदेडात अमरेशच्या कुण्या मित्रानं ते घड्याळ हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि चारचौघांत म्हणाला, "बिननावाचं दिलं व्हय रे सासऱ्यानं?" एवढंच. पण ते वाक्य अमरेशबरोबर घरी आलं आणि मुक्कामालाच राहिलं. दामिनीनं पहिल्यांदा ते फोनवर हसत सांगितलं. पुढच्या वेळी सांगितलं तेव्हा ती हसत नव्हती. मग तिनं सांगणंच बंद केलं, आणि नीलाबाईनं विचारणं.

पंचमीला ती रिक्षातून उतरली तेव्हा ओढणी डाव्या गालावरून ओढून घेतलेली होती. घरात आल्यावर नीलाबाईनं ती बाजूला केली. गालाच्या हाडावर, कानाकडे जाताना, हिरवा-पिवळा डाग होता. आणि डागाच्या कडेला बारीक ठिपक्यांची एक वाकडी ओळ, करंजीच्या कडेवरून कातण फिरवावं तशी. तिनं हनुवटी धरून पोरीचं तोंड उजेडाकडे वळवलं. दामिनीचे ओठ हलले. आणि पोरगी काही बोलायच्या आत नीलाबाईच बोलून गेली, "दार लागलं का गं?"

दामिनीनं आईकडे जरा वेळ पाहिलं.

"हाव," ती म्हणाली. "दारच लागलं."

हळद गरम करून लावली. संध्याकाळी राजशेखर दुकानातून आला, त्यानं पोरीचा गाल पाहिला, मग बायकोकडे पाहिलं. "दार लागलंय," नीलाबाई म्हणाली. तो "बरं" म्हणाला आणि रुमालातलं घड्याळ घेऊन वर गेला. त्या दिवसापासून ते दार या घराला बसलं ते बसलंच. शेजारणीला दार सांगितलं, उदगीरच्या मावशीला फोनवर दार सांगितलं. कुठलं दार, हे कुणी विचारलं नाही. पुढे डाग गेला. दार राहिलं.

दिवाळी तोंडावर आली तशी नीलाबाईनं करंज्या करायला घेतल्या, आणि कातण सापडेना. घरातली कुठलीही बारीक वस्तू सापडली नाही की ती वर गच्चीवरच्या खोलीत असणार, हे ठरलेलं. दात कोरायच्या काड्या, लहान ब्रश, तिचा भुवया कोरायचा चिमटा, सगळं हळूहळू घड्याळांच्या सेवेत गेलं होतं. राजशेखर दुकानात होता. दामिनी अंगणात नळाखाली घागरी लावून बसली होती. नीलाबाई पिठाचे हात पदराला पुसत वर गेली आणि टेबलाचे कप्पे ओढू लागली.

कातण नव्हतं. तिसऱ्या कप्प्यात पिवळ्या फडक्याखाली ते घड्याळ होतं.

काच नवीकोरी. आत धुक्याचा मागमूस नाही. आणि सेकंदकाटा सुरळीत फिरत होता. वेळ बरोबर, तारीखसुद्धा आजचीच. असलं घड्याळ हातात असलं, नाहीतर हलवलं, तरच चालतं. दोन-तीन दिवस पडून राहिलं की थांबतं, हे इतक्या वर्षांत तिच्याही डोक्यात बसलं होतं. म्हणजे कुणीतरी रोज याला बाहेर काढून हलवत होतं आणि पुन्हा फडक्याखाली ठेवत होतं.

तिनं ते उचललं. जड होतं, वरवंट्याच्या तुकड्यासारखं. अंगठा आपोआप काचेभोवतीच्या कडीवर गेला. कडीला बारीक दाते. फिरवली तर कट्‌ कट्‌ करत फिरली. तिनं ती कडी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला जोरानं दाबली आणि काढली. कातडीवर बारीक ठिपक्यांची एक वाकडी ओळ उठली होती. ती पुसट होत जाईपर्यंत नीलाबाई तिथंच उभी राहून पाहत होती.

"आई," खालून दामिनीची हाक आली, "सापडलं का?"

"न्हाई," ती म्हणाली. "न्हाई सापडलं."

करंज्यांच्या कडा मग दोघी हातानंच मुडपत बसल्या. दामिनी खाली मान घालून एक एक चुणी घालत होती. लहानपणापासून तिची मुरड आईपेक्षा नाजूक यायची.

"पप्पांचं काम पक्कंच असतं न्हाई का?" ती करंजीकडे बघत म्हणाली. "पक्क्या कामाला वेळ लागतोच."

"लागतो की."

"त्यांना म्हण, माझ्यापायी घाई करू नका."

नीलाबाईनं सारणाचं भांडं तिच्याकडे सरकवलं. बोलायला जागा होती. दोघींनी ती सारणानं भरली.

संध्याकाळी राजशेखर आला, हातपाय धुऊन तांब्याभर पाणी प्यायला. दामिनी शेजारी फराळाचं ताट द्यायला गेली होती.

"रबर कधी आलं?" नीलाबाईनं विचारलं.

त्यानं तांब्या खाली ठेवला. "महालक्ष्म्यांच्या आधी."

"मग मला कायला खोटं सांगत होता? मी काय नांदेडची हाय?"

तो बोलला ते भलतंच. "कडी काढून धुवावी लागते. खाली मळ साचतो. साबणाचा, घामाचा. ते पाणी काळं निघतं." ओल्या हातांकडे बघत तो थांबला. "ह्याचं काळं न्हाई निघालं."

मग कसं निघालं, हे तिनं विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. रस्त्यावर कुणाच्या तरी पोरांनी पहिले फटाके लावले होते, त्यांचा आवाज दोघांनी नीट ऐकून घेतला.

तिला त्याचा राग आला होता आणि तो राग ठेवायला जागा सापडत नव्हती. घड्याळावर खोटं नाव न घालणारा हा माणूस दर फोनला नांदेडशी खोटं बोलत होता, आणि त्यातही हातोटी नाही. एका रबरावर माणसानं किती रेटावं?

"आता रबर पुरे झालं," ती म्हणाली. "कुणाला पटायचं न्हाई. काच म्हणा. काच चुकीची आली म्हणा."

"काच?"

"हाव. परत पाठवलीय म्हणा. परत पाठवलेली वस्तू लवकर येत न्हाई."

त्यानं बायकोकडे पाहिलं, नवं मशीन हातात आल्यावर पाहायचा तसं. मग मान हलवली. नवराबायकोनं मिळून काच ठरवली. पोरीचं काय ते मात्र ठरवलं नाही.

आणि काचेची पाळी आलीच नाही. धनत्रयोदशीच्या सकाळी दारात गाडी येऊन थांबली. न सांगता. पुढून अमरेश उतरला, मागून शंकरप्पा, कपाळावर ताज्या विभूतीचे पट्टे, हातात पेढ्यांचा मोठा बॉक्स.

"लक्ष्मीपूजनाला घरची लक्ष्मी घरात पायजे का न्हाई, विहीणबाई?" उंबऱ्यातूनच ते म्हणाले.

अमरेश वाकून दोघांच्या पाया पडला. पांढरा शर्ट, तोंडावर हसू, बोलणं गोड. तो दिसायला वाईट माणूस असता तर नीलाबाईला किती बरं झालं असतं. तिनं "औक्षवंत व्हा" म्हटलं, कारण जिभेला सवय होती.

"आणि पप्पा," सोफ्यावर बसत त्यानं खिशातून प्लॅस्टिकचं पाकीट काढलं, "तुमचं रबरावाचून अडलं होतं ना? सगळ्या मापांचा सेटच मागवला मी. घ्या." पाकिटात लहानमोठ्या काळ्या कड्या होत्या. "आता तुमची सबब संपली!"

शंकरप्पा हसले. राजशेखरनं पाकीट घेतलं, बोटांनी चाचपलं. मग त्यानं बायकोकडे पाहिलं. काच, नीलाबाई मनात म्हणाली. अहो, काच म्हणा. पण दुसरं खोटं त्याच्या तोंडून निघेना. पहिलंच त्यानं कसंबसं निभावलं होतं.

"झालंय घड्याळ," तो म्हणाला आणि वर गेला.

घड्याळ घेऊन खाली आला तो सरळ चहाच्या पातेल्याकडे. पातेल्यावरच्या गरम झाकणावर फडकं घालून त्यानं घड्याळ त्यावर ठेवलं. फ्रीजमधून बर्फाचा खडा काढला. दुरुस्त केलेलं प्रत्येक घड्याळ देण्याआधी तो हे करायचा. पाहुणे बसलेत म्हणून चुकवायचा नाही.

"हे काय, पूजा का?" शंकरप्पांनी विचारलं.

"आत जरा जरी ओल असली, तर काच तापल्यावर वरून गार थेंब टाकला की खाली धुकं धरतं. मग पुन्हा उघडावं लागतं. पुन्हा पहिल्यापासून."

त्यानं तापलेलं घड्याळ टेबलावर आणलं आणि काचेवर बर्फाच्या पाण्याचा एक थेंब सोडला. सगळे वाकले. दामिनी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. धुकं येऊ दे, नीलाबाई म्हणत होती. आयुष्यात पहिल्यांदा ती नवऱ्याचं काम बिघडलेलं असावं म्हणून देवाला विनवत होती. एवढासा दमटपणा, बसवेश्वरा. कुठंतरी एक केस अडकलेला असू दे, रबर वाकडं बसलेलं असू दे.

राजशेखरनं थेंब पुसला. काच लख्ख होती. याला एक काम वाईट करायला सांगितलं असतं तरी जमलं नसतं.

"वा!" शंकरप्पा म्हणाले. "नाव नसंल, पण काम एक नंबर."

अमरेशनं घड्याळ मनगटावर चढवलं आणि पट्ट्याची कडी दाबली. खट्‌ असा आवाज झाला. स्वयंपाकघराच्या दारातली दामिनी अर्धं पाऊल मागं सरली. एवढंसंच. पण नीलाबाईनं ते पाहिलं, राजशेखरनं पाहिलं, आणि शंकरप्पांनीही पाहिलं, कारण ते लगेच छतावरच्या पंख्याकडे बघायला लागले.

"भर गं बॅग," अमरेश हसून म्हणाला. "ऊन चढायच्या आत अहमदपूरच्या पुढं निघू."

दामिनी आत गेली. बाहेर आली तेव्हा बॅग हातात होती, आणि ओढणी सवयीनं डाव्या गालावर आलेली होती, तिथं आता काही नसताना.

राजशेखर पिवळ्या फडक्याची घडी घालत होता. घातली, मोडली, पुन्हा घातली. "अमरेशराव," तो फडक्याकडे बघत म्हणाला, "हे घड्याळ पाण्याला भीत न्हाई. आपटण्याला भितं. पाणी आपण होऊन न्हाई गेलं आत. काच आधी फुटली होती."

पंखा फिरत होता.

"हाव ना पप्पा," अमरेश म्हणाला. "दार लागलं होतं. बाथरूमचं. वाऱ्यानं असं जोरात आलं, की हाताला लागलं, हिलापण लागलं. न्हाई का गं?"

"आजकालची दारं लई हलकी," शंकरप्पा पंख्याला म्हणाले. "सागवानी दारं असं करत न्हाईत."

राजशेखरनं फडकं आणखी एकदा दुमडलं. फडक्याची घडी आता इतकी लहान झाली होती, की पुढं घालता येईना.

नीलाबाईच्या हातात कुंकवाचं ताट होतं. जाणाऱ्या लेकीला लावायला तिनं ते कधी उचललं, तिचं तिलाच कळलं नव्हतं. दार. तो शब्द तिच्या स्वयंपाकघरात तयार झाला होता, तिनंच हळदीबरोबर गरम करून पोरीच्या गालाला लावला होता. इथून तो नांदेडला जाऊन आला होता आणि आता जावयाच्या तोंडात छान रुळलेला होता. तिनं दामिनीकडे पाहिलं. दामिनी तिच्याचकडे पाहत होती, पंचमीला पाहिलं होतं तसंच, जरा वेळ. त्या दिवशी नीलाबाईला वाटलं होतं, काय लागलं ते पोरगी आठवून राहिली. पोरगी आठवत नव्हती. वाट बघत होती.

नीलाबाईनं ताट टेबलावर ठेवलं. हळदकुंकू थोडं सांडलं.

"दार न्हाई लागलं तिला," ती म्हणाली. "दार मी सांगितलं होतं. अमरेश मारतो तिला."